‘डेलिसिओसो’ तिकीट-संच: चित्रं झकास, पण पाण्यात टाकू नका

अमेरिकी टपालखात्याने 20 एप्रिल 2017 रोजी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथे ‘डेलिसिओसो’ (स्पॅनिशमध्ये ‘चविष्ट’) हा संच काढला. त्यात तमालेस (मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून वाफवलेले), फ्लान (कॅरमेल घातलेलं अंड्या-दुधाचं पुडिंग), सानकोचो, एम्पानाडा, चिले रेयेनो (भरून तळलेली मिरची) आणि सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेली मासळी) असे सहा पदार्थ आहेत. मेक्सिको, मध्य-दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांनी अमेरिकेच्या ताटात काय काय वाढलं, हे दाखवण्यासाठी हा प्रपंच. चित्रं जॉन पारा यांची, कला-दिग्दर्शन अँतोनिओ अल्काला यांचं.

खाण्याची तिकिटं बहुधा छायाचित्रांमुळे फसतात. आपल्याकडे त्याच वर्षी, 3 नोव्हेंबरला, भारतीय टपालखात्याने 24 पदार्थांचा संच आणला. प्रत्येक तिकीट 5 रुपयांचं, आणि त्यात आपला मोदक होता नि वडापावही. पण भरलेल्या ताटाचा फोटो तिकिटाएवढा केला की मसाल्याचा रस्सा कुठला आणि सावली कुठली, कळत नाही. पारा यांनी ही अडचण ब्रशने सोडवली आहे. भडक सपाट रंग आणि जुन्या रंगवलेल्या फळीसारखा खरवडलेला पोत, त्यामुळे हातभर अंतरावरूनही पदार्थ ओळखू येतो. पदार्थाचं नाव तिकिटावरच छापलेलं आहे, हेही बरं.

खटकतं ते वेगळंच. सानकोचो हे मांस, कंद, कच्ची केळी आणि मक्याची कणसं घालून केलेलं दाट कालवण कोलंबियात एक चव, डोमिनिकन प्रजासत्ताकात दुसरी, पोर्तो रिकोत तिसरी. एम्पानाडा म्हणजे तिखट सारणाची करंजीच, तीही देशागणिक बदलते. तिकिटावर देशाचा पत्ता नाही, सगळं एकाच पाकिटात. शिवाय बहुसांस्कृतिक म्हणाल तर हा एकच प्रवाह. चिनी, इटालियन, भारतीय खाणं यात शोधू नका.

आता वस्तूकडे. ही तिकिटं 20 च्या दुहेरी बुकलेटमध्ये आली, दोन्ही बाजूंना तिकिटं. 20 ला 6 ने भाग जात नाही, म्हणजे काही पदार्थ जास्त वेळा येणारच. सुटा संच घेताना सहाही वेगळे आहेत ना, ते मोजून घ्या. दातेरी कडा छिद्रांची नाही, साच्याने कापलेली आहे, आणि बुकलेटच्या काठावरच्या तिकिटाची एखादी बाजू सरळ असते. तो दोष समजून विक्रेत्याशी भांडू नये.

ही तिकिटं स्वयंचिकट आहेत; कोरं तिकीट मागच्या कागदावरून सोलू नका. भोवती थोडा कागद ठेवून कात्रीने कापा आणि पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीचं पाकीट स्वस्त पडतं, पण कालांतराने त्यातून सुटणारी रसायनं छपाईला चिकटतात. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात चिकट थर कडेने पाझरतो, म्हणून अल्बम आडवे रचून त्यावर वजन ठेवू नये, उभे ठेवावेत.

वापरलेली तिकिटं हाती आली की आपली सवय कोमट पाण्याचं ताट काढायची. भारतीय तिकिटाचा डिंक पाण्यात सुटतो, इथे तसं होत नाही. 2004 च्या आसपासपासून अमेरिकी स्वयंचिकट तिकिटांमधला पाण्यात विरघळणारा थर जवळपास गेलाच. तासभर भिजवलंत तर चिकटा तसाच राहील, शिवाय ओढताना तिकिटाचाच कागद पातळ होऊन फाटेल. संत्र्याच्या तेलाचा हवा सुगंधित करणारा स्प्रे मिळतो, तो तिकीट चिकटलेल्या टपालाच्या पाकिटाच्या तुकड्यावर मागच्या बाजूने मारा. कागद पारदर्शक दिसू लागला की तिकीट पालथं ठेवून पाकिटाचा कागद हळूहळू मागे वळवत काढा. त्याऐवजी तिकीटच ओढलंत तर ते वळतं आणि सुरकुततं. मागच्या चिकट्यावर टाल्कम पावडर चोळा, म्हणजे अल्बमला चिकटणार नाही. खिडकी उघडी असू द्या, जवळ ज्योत नको. एवढी खटपट नको असेल, तर चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कागद ठेवून कापलेलं तिकीट संग्रहाला पुरतं. आम्ही तेच सुचवू.

बुकलेट तेव्हा 9 डॉलर 80 सेंटला होतं, तिकीट 49 सेंट. ‘फॉरएव्हर’ (दर वाढला तरी देशांतर्गत एका औंसाच्या पत्राला कायम चालणारं) असल्याने ते नेहमी चालू दराचं धरलं जातं; जुलै 2025 मध्ये तो दर 78 सेंट झाला. म्हणूनच कोणी ऑनलाइन निम्म्या भावात देत असेल तर सावध राहा: बनावट फॉरएव्हर तिकिटांचा सुळसुळाट आहे आणि तसं तिकीट लावलेलं टपाल टपालखातं बेवारस मानतं. अल्ट्राव्हायोलेट दिवा असेल तर खऱ्या तिकिटावरचा फॉस्फर (त्या दिव्यात उजळणारा लेप) चमकतो का, तेही पाहा.

जुलै 2025 च्या दरांनुसार अमेरिकेतून भारतात एका औंसापर्यंतचं (सुमारे 28 ग्रॅम) पत्र 1 डॉलर 70 सेंटला जात होतं. त्या दरांनी दोन ‘डेलिसिओसो’ लावली तर 14 सेंट कमी पडत. तिसरं वाया घालवू नका, शेजारी जादा औंसाचं (पत्राच्या वाढीव वजनासाठीचं, तेव्हा 29 सेंटचं) तिकीट लावा; आधी चालू दर मात्र पाहून घ्या.