साल्व्हियाच्या बियांची तीन पाकिटं: एक पास, एक काठावर, एक साफ नापास

आधीच कबूल करतो, यांचा पहिला रिव्ह्यू मी सप्टेंबरमध्ये रागारागात टाईप केला होता, एक स्टार, "बी उगवत नाही, घेऊ नका". पोस्ट करायच्या आधी दुकानदाराशी एकदा भांडून यावं म्हटलं, आणि भांडायला गेलो ते खाली मान घालून परत आलो. म्हणून हा दुसरा रिव्ह्यू, पाच महिने थांबून लिहिलेला.

तर झालं असं की गणपतीच्या आधी मखराचं सामान आणायला मंडईत गेलो होतो, येताना तिकडच्याच एका बियाण्याच्या दुकानात शिरलो. दुकानाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे कळेलच. स्टँडवर फुलांची पाकिटं लटकलेली, त्यातली तीन उचलली, लाल बुटका साल्व्हिया ४० रुपये, निळा ६० आणि "साल्व्हिया मिक्स" ५०. साल्व्हियाच का, तर आमच्या शाळेत ऑफिससमोर गेरू लावलेल्या तिरक्या विटांच्या आत लाल साल्व्हियाची रांग असायची आणि मधल्या सुट्टीत आम्ही ती फुलं ओढून मागच्या टोकाने मध चोखायचो, शिपाईमामा काठी घेऊन यायचे. चाळीस वर्षं झाली, पण लाल साल्व्हिया दिसला की जिभेवर ते गोड येतंच.

घरी आल्या आल्या जोशात पेरलं. कसं पेरलं, तर मेथी-कोथिंबीर पेरतो तसं, कुंडीतल्या मातीत बोटाच्या पेराएवढं खोल, वरून माती दाबली, पाणी. पावसाळा चालूच होता. तीन आठवडे रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंडीवर वाकून बघायचो, नुसतं शेवाळ. गणपती आले, गेले, पण साल्व्हिया काही आला नाही.

दुकानात गेलो. गल्ल्यावरचे काका वर न बघता म्हणाले, "किती खोल पुरलंत?" मी बोटाचं पेर दाखवलं. "अहो, कांदे लावताय का? त्याला उजेड लागतो. वरतीच ठेवायचं, नुसतं बोटाने टेकवायचं. आणि या पावसात लावलंतच कशाला, दसरा होऊ द्या की." झालं. पुढे मी काय भांडणार.

पण एक गोष्ट कंपनीच्या नावावर लिहायलाच पाहिजे. पाकिटाच्या मागे ज्या सूचना छापल्यात त्या तिन्ही पाकिटांवर शब्दनशब्द सारख्या आहेत, "बी १ सेंमी खोल पेरावे, हलके पाणी द्यावे". म्हणजे झेंडूला जे तेच साल्व्हियाला. साल्व्हियाचं बी पृष्ठभागावरच ठेवायचं असतं, फार तर वर चिमूटभर बारीक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नवीन माणूस पाकीट वाचूनच पेरणार ना? मी नाही वाचलं तो भाग वेगळा, पण वाचलं असतं तरी नापासच झालो असतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत सुरुवात. सुदैवाने तिन्ही पाकिटांत अर्धं अर्धं बी शिल्लक होतं. या वेळी कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजवून, पिळून, त्यात मूठ-दोन मूठ चाळलेलं गांडूळखत आणि श्रीखंडाचे तीन डबे, बुडाला खिळा तापवून भोकं पाडलेले. वर झाकायला केकच्या डब्यांची पारदर्शक झाकणं, म्हणजे ओल टिकते आणि उजेडही जातो. ऑक्टोबर हिटचा पहिल्यांदाच कुणालातरी उपयोग झाला, कारण या बियांना उगवायला साधारण २० ते २५ डिग्री लागते आणि घरात सावलीत तेवढं आरामात होतं.

आता गंमत. बी टेकवून वर स्प्रे मारला आणि दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक बीभोवती पारदर्शक बुळबुळीत कवच तयार झालं. आई मागून बघत होती, म्हणाली, "अरे सब्जा का वाया घालवतोयस, फालुदा तरी कर." तिला म्हटलं सब्जा नाहीये, पण ती अगदीच चुकीची पण नव्हती. साल्व्हिया तुळशीच्याच कुळातला, आणि सब्जा म्हणजे तुळशीचाच एक प्रकार. ते चिया सीड्स म्हणून जे डाएटवाले पाण्यात भिजवून पितात ते तर थेट साल्व्हियाचंच बी, साल्व्हिया हिस्पॅनिका. खोड बोटात धरून फिरवलंत तर चौकोनी लागतं, तुळशीसारखंच. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव "लाल तुळस" पडलंय आणि शेजारच्या काकूंनी एकदा पान तोडून वास घेऊन "ह्याला वासच नाही" असं तोंड वाकडं केलं.

लाल बुटका, शास्त्रीय नाव साल्व्हिया स्प्लेंडेन्स, मूळचा ब्राझीलचा. २० बिया टेकवल्या होत्या, नवव्या दिवशी पहिलं हिरवं टोक दिसलं आणि दोन आठवडे व्हायच्या आत १६ वर आल्या. याच्याहून जास्त मागणं म्हणजे लोभ. त्यातली तीन मात्र मी मारली. स्प्रे मारून मारून सगळं इतकं ओलं ठेवलं की एका सकाळी तीन रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली, कुणीतरी दोरा बांधून आवळल्यासारखी. रोपं कोलमडणं म्हणतात ते हेच, बुरशी असते, एकदा आडवं पडलेलं रोप उठत नाही. लगेच झाकण काढलं, स्प्रे बंद, डबे ताटात पाणी घालून त्यात ठेवायला लागलो, खालून ओल चढली की उचलायचे. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या मित्रबुरशीची पावडर, ती पण भुरभुरली. नंतर एकही गेलं नाही, ते पावडरने का पाणी कमी केल्याने देव जाणे, माझा अंदाज पाण्याचाच.

निळा, म्हणजे साल्व्हिया फॅरिनेसिया, टेक्सास-मेक्सिकोकडचा. हा भयंकर आळशी निघाला. लालची चार पानं झाली तरी याचा पत्ता नाही, सोळाव्या दिवशी पहिलं रोप आणि १८ पैकी एकूण ७. वाईट नाही, पण ६० रुपयांना चांगलंही नाही. वर त्याच्या तुऱ्याच्या दांड्यावर पांढरी पूड दिसायला लागली तेव्हा मी भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) आली म्हणून दोन दिवस कडुनिंबाचं तेल मारत बसलो, मग पुसून बघितलं तर ती त्याची स्वतःची लव. फॅरिना म्हणजे लॅटिनमध्ये पीठ, नावातच पीठ घेऊन आलाय आणि मी औषध मारतोय! कुणी लावलात तर हे लक्षात ठेवा, देठ आणि कळ्या पिठाळलेल्या दिसणं हे निळ्याचं रूपच आहे, पानांवर गोल पांढरे डाग आले तर मात्र बघा.

आणि मिक्स. शून्य. २० पैकी शून्य. या वेळी खोल पुरलं नव्हतं, पाऊस नव्हता, डबे शेजारी शेजारी होते, माझ्यावर ढकलायला जागाच नाही. तरी खात्री करावी म्हणून टिश्यूपेपर ओला करून एका डब्यात १० लालच्या बिया आणि दुसऱ्यात १० मिक्सच्या ठेवल्या, दोन्ही खिडकीत. जेल दोन्हीकडे आलं, एकदम झकास. चौदा दिवसांनी लालच्या आठांना मूळ फुटलं होतं आणि मिक्सच्या बिया तशाच, जेल वाळून टिश्यूला चिकटलेल्या. हे मला नवीन कळलं, ते बुळबुळीत कवच बीच्या सालीतून येतं, आत जीव असो नसो, ते येतंच. म्हणजे भिजवल्यावर फुगलं म्हणून बी चांगलं आहे असं समजू नका.

मग पाकीट नीट उलटून बघितलं. बियाण्याच्या पाकिटावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, कधीपर्यंत वापरायचं आणि उगवण किती टक्के हे असायला हवं. लालवर हे सगळं स्वच्छ छापलेलं. मिक्सवर तारखेच्या जागी स्टिकर, नखाने उचकटलं तर खाली दुसरं स्टिकर आणि त्याच्याखाली खोडलेलं. यावर काही बोलत नाही. तेव्हा कुठल्याही दुकानातून पाकीट घेताना आधी फोटोकडे बघू नका, फोटो सगळ्यांचेच भारी असतात, मागची तारीख बघा आणि स्टिकर असेल तर ठेवून द्या.

काकांना स्टिकर दाखवायला परत गेलो. या वेळी त्यांनी वर बघितलं. पाकीट चष्म्याजवळ धरून मिनिटभर गप्प, मग स्टँडवरची उरलेली मिक्सची सगळी पाकिटं काढून काउंटरखाली टाकली आणि मला म्हणाले, "पैसे देऊ का झिनिया देऊ?" मी पैसे म्हणणार तेवढ्यात तेच म्हणाले, "झिनिया घ्या, ती तुमच्याकडूनही उगवेल." टोमणा होता, पण झिनिया घेतली. दुकानाला माझे चार स्टार, एक कापला तो टोमण्याचा.

रोपांबद्दल थोडं. चार-पाच सेंमीची झाल्यावर, पानांच्या दोन जोड्या आल्या की एकेक ग्लासात, मग दिवाळीनंतर आठ इंची कुंड्यांत. पानांची तिसरी जोडी आली की शेंडा खुडायचा, हे करताना हात थरथरतो, आई तर "एवढं वाढवलंस आणि आता मान मोडतोयस" म्हणून उठून आत गेली. मी सहा खुडली आणि बाकीची आईच्या हट्टापायी तशीच ठेवली, त्यामुळे आयतीच तुलना झाली. न खुडलेल्यांना फूल दहा-बारा दिवस आधी आलं पण एकच दांडा, खुडलेल्यांना चार-चार पाच-पाच तुरे. आता आई म्हणते सगळीच खुडायला हवी होती.

दुसरी चूक जागेची. निम्म्या कुंड्या पूर्वेच्या बाल्कनीत आणि निम्म्या गच्चीवर. बाल्कनीत जेमतेम तीन तास ऊन, ती रोपं लांबुडकी, मान काढून उजेडाकडे झुकलेली. गच्चीवरची ठेंगणी, भरलेली. जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला गेलो तेव्हा सवयीने साल्व्हियाच शोधत होतो, आणि मनातल्या मनात गच्चीवरच्या माझ्या कुंड्या तिथल्या रांगेत ठेवून बघत होतो. बाल्कनीतल्या नाही.

पहिला तुरा नाताळच्या सुट्टीत उमलला, म्हणजे पेरल्यापासून बारा आठवडे धरा. लालची एक खुबी म्हणजे फुलाची नळी दोन-चार दिवसांत गळून पडते पण तिच्याभोवतीचं जे कवच असतं तेही लालच, ते कितीतरी दिवस टिकतं, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला महिनाभर झाड फुललेलंच वाटतं. आणि शिंजीर! तिकडे अमेरिकेत या लाल नळ्यांवर गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) हवेत एका जागी थांबून मध पितात म्हणे, आपल्या शिंजिराला बसायला काहीतरी लागतं, तो तुऱ्यावर बसला की तुरा वाकतो, मग तो घसरतो, परत बसतो. शेवटी प्रत्येक कुंडीत एकेक बांबूची काडी खोचली. आता सकाळी साडेसातला जोडी येते, काडीवर बसून, मान वाकडी करून, नळीच्या बुडाशी चोच खुपसून मध काढते. आम्ही शाळेत मागूनच चोखायचो, तेच तंत्र.

पैशाचं म्हणाल तर सोलापूर रोडच्या नर्सऱ्यांत थंडीत काळ्या पिशवीतलं फुललेलं रोप २५-३० रुपयांना मिळतं, झटपट रंग पाहिजे तर सरळ ते आणा. ४० रुपयांत १३ रोपं हा हिशेब मी बायकोला ऐकवला, तिने कोकोपीट, गांडूळखत, ट्रायकोडर्मा, कुंड्या आणि मंडईच्या तीन फेऱ्यांचं पेट्रोल विचारलं, विषय तिथेच संपला.

तर लाल बुटका डोळे झाकून घ्या, साडेचार स्टार, अर्धा मागच्या चुकीच्या सूचनांचा कापलाय. निळ्याला तीन, संयम असेल तरच, पण उन्हाळ्यात टिकायचं म्हणाल तर हाच टिकेल असं वाटतंय, आत्ता फेब्रुवारीच्या दुपारी लालची पानं मान टाकायला लागलीत आणि हा ताठ. मिक्सला देण्यासारखं काही नाही.

लाल मी पुढच्या वर्षी विकत घेणार नाहीये. वाळलेल्या कवचाच्या तळाशी बी असतं, एका फुलात जास्तीत जास्त चार, काळपट तपकिरी. पिकलं की वाऱ्याने सांडतं म्हणून रोज संध्याकाळी एकेक तुरा वाटीवर झटकतो. आईने ते सगळं लग्नात उरलेल्या एका आहेराच्या पाकिटात भरून, वर पेनने "लाल तुळस, दसऱ्यानंतर, पुरू नये" असं लिहून देवघराच्या खणात ठेवलंय. पाकिटावरचा एक रुपया तिने काढू दिला नाही.