मीठ की सोरा: तापमान आणि विद्राव्यता
संपृक्त द्रावणावर, म्हणजे ज्यात त्या तापमानाला आणखी पदार्थ विरघळू शकत नाही अशा द्रावणावर, तापमानाचा होणारा परिणाम दाखवण्यासाठी मीठ आणि सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, यांपैकी सोराच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १०० ग्रॅम पाण्यात ० अंश सेल्सिअसला सुमारे १३ ग्रॅम, तर १०० अंशांना सुमारे २४६ ग्रॅम सोरा विरघळतो, कारण विरघळताना तो भरपूर उष्णता शोषतो. त्यामुळे गरम संपृक्त द्रावण थंड होऊ लागले की त्याचे लांबट स्फटिक तळाशी जमतात, आणि हे दृश्य विद्यार्थ्यांनी पाहायलाच हवे. मिठाची विद्राव्यता, म्हणजे १०० ग्रॅम पाण्यात विरघळू शकणारे जास्तीत जास्त प्रमाण, मात्र तेवढ्याच तापमानवाढीत जेमतेम ३६ वरून ३९ ग्रॅमपर्यंत जाते. गरम द्रावण नुसते थंड करून मीठ फारसे मिळत नाही, म्हणूनच मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हाने आटवावे लागते. मीठ स्वस्त आणि निर्धोक खरे, पण त्याने संपृक्त व असंपृक्त द्रावणांतील फरक तेवढा दाखवता येतो.