ईजीआर घरी धुतला : स्प्रेचा कॅन, टाकीतलं औषध आणि हायड्रोजनवाले, तिघांचा हिशेब

आधी निकाल, मग तपशील. डिझेल गाडीतला कार्बन घरच्या घरी काढता येतो. त्याला थ्रॉटल क्लीनरचा एक कॅन, दोन जुने टूथब्रश आणि एक नवं गॅस्केट लागतं. अट एकच, घाण बसलेला भाग, म्हणजे धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह, खोलून हातात घ्यायला हवा. टाकीत ओतायचं औषध आणि दारात येऊन यंत्र लावणारी सर्व्हिस, दोन्ही आमच्या गाडीवर करून झालं. कार्बन होता तिथंच राहिला. असं का झालं ते सविस्तर लिहिते, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात अजून हजारो डिझेल गाड्या रोज पळतात आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी काहीतरी ओतायला सांगत असतं.

आमची गाडी २०१४ची डिझायर. आत १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट इंजिन, जे स्विफ्ट, रिट्झ, एर्टिगा, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत बसलं. मारुतीनं एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण इंजिन चिवट आहे, नीट राखलं तर अजून बरंच चालेल. आमच्याकडे ते राखलं जात होतं, फक्त वापर चुकीच्या जातीचा होता. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत हिशेब बघते आणि घर अनगोळला. इंजिन गरम व्हायच्या आत ऑफिस येतं. बाजाराला जायचं तर टिळकवाडीतल्या रेल्वे गेटला गाडी चालू ठेवून थांबायचं. जूनपासून पाऊस लागला की महिनोन्‌महिने हाच क्रम. डिझेल इंजिनाला असलं थंड, हळू, अर्धवट चालणं सगळ्यात वाईट.

लक्षणं ठरलेली. दुसऱ्या गिअरात हळू जाताना गाडी हिसके द्यायला लागली. वंटमुरीच्या चढाला पाय दाबला की आरशात मागे काळा लोट दिसायचा. एमिशन टेस्टला धुराचा आकडा मर्यादेला टेकत होता. बीएस-४ डिझेलला ही मर्यादा १.६२ असते. पुढं इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावल्यावर पी०४०१ असा कोड आला, म्हणजे ईजीआरमधून पुरेसा धूर फिरत नाही.

ईजीआर म्हणजे काय ते थोडक्यात. सिलिंडरमध्ये जळण फार तापलं की हवेतल्या नायट्रोजनपासून विषारी ऑक्साइड तयार होतात. ते कमी व्हावेत म्हणून सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरातला थोडा भाग एका व्हॉल्व्हमधून परत आत सोडतात. त्यामुळं जळणाचं तापमान खाली येतं. कल्पना चांगली आहे, हवेसाठी गरजेचीही आहे. पण त्या धुरात काजळी असते, आणि इंजिनच्या पोटातून ब्रीदर पाइपनं येणारी तेलाची वाफ त्याच वाटेवर येऊन मिळते. काजळी आणि तेल मिळून जे होतं ते व्हॉल्व्हवर आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) थरावर थर बसत जातं.

आता टाकीत ओतायचं औषध. ब्रँड सांगत नाही, कारण मुद्दा ब्रँडचा नाहीच. टाकी भरताना बाटली रिकामी करायची आणि कार्बन साफ, असं दुकानात सांगितलं होतं. दोन टाक्या संपल्या तरी हिसके तसेच आणि दिवा तसाच. आमच्या गल्लीत एक मेस्त्रीमामा आहेत, जुन्या पी. बी. रोडवरच्या गॅरेजात आयुष्य गेलेलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अक्का, डिझेल जिथं जातच नाही तिथली घाण डिझेलातलं औषध काढतंय कसं?"

सगळं उत्तर या एका वाक्यात आहे. डिझेल टाकीतून पंपात, पंपातून इंजेक्टरमध्ये आणि तिथून थेट सिलिंडरमध्ये जातं. ईजीआर व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्या वाटेवर डिझेलचा थेंबसुद्धा येत नाही. म्हणजे औषध चांगलं असलं तरी ते इंजेक्टरचं तोंड साफ करील, त्यापुढं नाही. साध्या पेट्रोल गाडीत गोष्ट वेगळी. तिथं पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं, त्यामुळं पेट्रोलात घातलेलं पॉलिइथरअमाइनचं (कार्बन सोडवणाऱ्या रसायनाचं) औषध व्हॉल्व्हला लागतं आणि खरंच काम करतं. जाऊबाईंच्या जुन्या वॅगनआरला मी तेच सुचवीन. पण नव्या थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांना पुन्हा डिझेलचाच नियम. पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये पडतं, व्हॉल्व्ह कोरडे राहतात आणि कार्बन धरतात. त्यांच्यासाठी मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भुसा हवेच्या दाबानं मारतात. ते वर्कशॉपचं काम आहे, अंगणातलं नाही.

मग हायड्रोजनवाले. व्हॅनमध्ये यंत्र घेऊन घरी येतात, म्हणून सोयीचं वाटलं. यंत्र विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बनवतं, तो वायू नळीनं एअर इनटेकमध्ये सोडतात आणि गाडी नुसती चालू ठेवतात. पोरगा नम्र होता, काम वेळेत झालं, घाण कुठं केली नाही. त्याबद्दल तक्रार नाही. पुढचे काही दिवस गाडी हलकी वाटली, मग होती तशी. काही आठवड्यांनी ईजीआर खोलला तेव्हा कारण समोर आलं. थर जसाच्या तसा, एका कोपऱ्यातही धातू उघडा पडलेला नाही. वायू जळतो तो सिलिंडरमध्ये, आणि ईजीआरची चिकट घाण बसते जळण सुरू होण्याआधीच्या वाटेवर. त्या पैशांत कॅन, गॅस्केट आणि मेस्त्रीची मजुरी सगळं भागून वर उरलं असतं.

आता कॅनबद्दल. मी घेतला लिक्वी मोलीचा प्रो-लाइन थ्रॉटल व्हॉल्व्ह क्लीनर, ४०० मिलीचा. स्वस्त नाही, पण फवारा जोरदार आहे आणि बारीक नळीमुळं नेमका हवा तिथं बसतो. थ्रीएम, वुर्थ, अब्रो यांचेही अशा कामाचे कॅन मिळतात. कुठलाही घ्या, पण मागचं लेबल वाचा. ॲसिटोन, झायलीन, टोल्यूइन या जातीची द्रव्यं त्यात असतात आणि ती भडकन पेट घेतात. काम उघड्यावर करा. जवळ शेगडी नको, उदबत्ती नको, समई नको, आणि सिगारेट ओढणारा मदतनीस तर नकोच. हातात नायट्राइलचे मोजे घाला. साधे पातळ मोजे विरघळून बोटांना चिकटतात.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. बॅटरीची निगेटिव्ह काढली. एअर फिल्टरचं खोकं आणि पाइप बाजूला केल्यावर ईजीआरपर्यंत हात पोचला. बोल्ट सोडवायला मामा आले, कारण दहा वर्षं तापून बसलेला बोल्ट तुटला तर पुढचं काम दसपट होतं. त्यांनी आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. एक कानमंत्र त्यांचाच, बोल्ट हलला नाही तर जोर लावायचा नाही, थोडा आवळायचा आणि मग सोडवायचा. तो धूर थंड करणाऱ्या ईजीआर कूलरला कूलंटचा पाइप येतो, त्याला आम्ही हातच लावला नाही.

व्हॉल्व्ह बाहेर आला तेव्हा तोंडाची जागा जेमतेम करंगळी जाईल एवढी उरली होती. वरचा थर कोरडा, बोटाला काजळ लागावं तसा सुटणारा. त्याच्या खाली चिकट, चकचकीत, काकवीसारखा ओघळणारा. आणि त्याच्याही खाली, धातूला धरून, दगडासारखा कठीण. ही तीन थरांची गोष्ट लक्षात ठेवा, कारण कॅनचा खरा गुण इथं कळतो. वरचा थर फवाऱ्यानं लगेच गेला. चिकट थर फवारा, पाच मिनिटं थांब, ब्रश, पुन्हा फवारा असं करत गेला. कठीण थराला मात्र कुठलाही स्प्रे एकटा पुरत नाही. त्यासाठी व्हॉल्व्हचं धातूचं तोंड तेवढं एका पत्र्याच्या डब्यात, डिझेलमध्ये, रात्रभर बुडवून ठेवलं. मोटर आणि कनेक्टरची बाजू वर, कोरडी. तिच्यात द्रव गेला तर नवा व्हॉल्व्ह घ्यावा लागेल आणि त्याची किंमत कॅनच्या कितीतरी पट आहे. सकाळी बांबूच्या काडीनं हळूहळू खरवडल्यावर पापुद्रे सुटले. स्क्रू ड्रायव्हर वापरायचा नाही. व्हॉल्व्ह ज्या कडेवर बसतो तिथं एक ओरखडा पडला तरी तो नीट बंद होत नाही. शेवटी दांडी बोटानं दाबून सोडली तर स्प्रिंगनं टक्‌कन जागेवर गेली. आदल्या दिवशी तीच दांडी अर्ध्यात अडकत होती. कोड का येत होता, ते त्या क्षणी हाताला कळलं.

एक ताकीद मनापासून. कार्बन झटक्यात जातो म्हणून कुणी कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन क्लीनर सुचवलं तर ऐकू नका. ॲल्युमिनियमला सोडा खातो, आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो तो वेगळा धोका. चालू इंजिनात पाणी सोडायची युक्तीही सांगणारे भेटतात. पाणी दाबलं जात नाही, जास्त गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि हाच पेट घेणारा स्प्रे चालू डिझेल इंजिनाच्या तोंडात मारायचा नाही. डिझेल इंजिनाला ते आयतं इंधनच मिळतं, आणि ते चावी काढली तरी न थांबता पळत सुटू शकतं. चालू इंजिनात मारायचे डिझेलसाठीचे वेगळे कॅन येतात, तेसुद्धा टर्बो आणि इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पुढं, इंजिनाकडच्या बाजूला, लेबलवर सांगितलेल्या रीतीनंच. बीएस-६ डिझेल असेल तर मी तेही करणार नाही. सुटलेली काजळी सरळ डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जाऊन बसते.

आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरला हा स्प्रे लावू नका, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो. पेट्रोल गाडीचा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, साफ करायला कॅन उत्तम आहे. फवारा फडक्यावर मारायचा आणि झडपेच्या कडेनं पुसून घ्यायचं, वीस मिनिटांचं काम. फक्त इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन चालू असताना झडप बोटानं ढकलायची नाही.

धुतलेलं काळं पाणी कुठं टाकायचं हा प्रश्न कुणी काढत नाही. आमच्या अंगणात विहीर आहे, अनगोळ-वडगाव-शहापूरात अजून पुष्कळ घरांत आहे, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी आलं नाही की तीच आधार. म्हणून सगळं काम विहिरीपासून लांब, मोठ्या ट्रेमध्ये केलं. मळकं डिझेल डब्यात भरून गॅरेजात, जुनं इंजिन ऑइल गोळा करतात त्या बॅरलमध्ये दिलं. गटारीत ओतलं असतं तर झिरपून ते विहिरीतच आलं असतं.

बसवताना नवं गॅस्केट. जुनं परत लावलं तर धूर बाहेर गळतो. स्कॅनरनं कोड पुसला, गाडी सुरू केली. पहिली काही मिनिटं आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, वरखाली झाला आणि पांढरा धूर आला, उरलेला स्प्रे जळत होता. मग शांत झाली. रविवारी निपाणीपर्यंत नेली. तवंदी घाटात तिसऱ्या गिअरात पाय दाबून ठेवला, मागे काळा लोट नाही. दुसऱ्या गिअरातले हिसके गेले. पुढच्या एमिशनला आकडा चांगलाच खाली आला. मायलेजमध्ये फरक सांगण्यासारखा नाही, आणि ॲव्हरेज चार-पाचनं वाढतं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

थ्रॉटल क्लीनरला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण किमतीचा, कारण मोठ्या कामाला एक कॅन जेमतेम पुरतो. टाकीतल्या औषधाला डिझेल ईजीआरच्या कामासाठी शून्य. हायड्रोजनला पोराच्या वागणुकीचा एक. मॅनिफोल्ड मी उतरवलं नाही. आत डोकावून पाहिलं तर थर होता, पण वाट मोकळी होती. ते काम पुढच्या वेळी मामांच्या गॅरेजात.

गॅस्केट आधी हातात घ्या, मगच बोल्टला पाना लावा. इथं मिळालं नाही तर कोल्हापूरहून मागवावं लागतं, आणि तोवर गाडी दारात खोलून पडते. ब्रीदर पाइपही त्याच दिवशी काढून बघा. आतून तेलानं लडबडलेला असेल तर पुसून घ्या. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला काढून हत्तरगीपर्यंत नीट तापू द्या. आम्ही आता रविवारी तेच करतो.