अलाइनमेंटच्या आधी गाडीखाली पाहणारे गॅरेज

स्टिअरिंग ढिले लागते आणि गाडी डावीकडे ओढते, ही तक्रार मी आजवर एकाच दमात सांगत आलो होतो, आणि याआधीच्या दोन्ही ठिकाणी तिच्यावर एकच उपाय झाला होता: गाडी मशीनवर चढवून व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. दोन्ही वेळा आठवडाभर बरे वाटले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या खेपेला ज्या गॅरेजमध्ये गेलो, तिथल्या मेकॅनिकने मात्र या दोन तक्रारी वेगळ्या केल्या आणि त्यातच निम्मे काम झाले, असे माझे मत आहे.

पाना हातात घेण्याआधी त्याने प्रश्न विचारले. ओढ ब्रेक दाबल्यावर येते की नुसते चालवतानाही? गाडी सुरू केल्याबरोबर येते की काही वेळाने? दुसऱ्या प्रश्नावर मी अडखळलो, कारण ओढ दहा-पंधरा मिनिटांनंतर सुरू होते हे मला ठाऊक होते, पण ते सांगण्यासारखे आहे असे कधी वाटलेच नव्हते. मग त्याने टायर गार असतानाच चारही चाकांतील हवा मोजली, कारण पुढच्या दोन टायरांतील हवेत फरक असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला जाते आणि बाकी सारी तपासणी फुकट जाते. रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतरता केलेला असतो व गाडी त्या उताराने आपसूक सरकते, म्हणून चाचणीसाठी त्याने मोकळी, सपाट जागा निवडली.

ढिलेपणाचा शोध मी जवळून पाहिला. गाडी जमिनीवरच उभी ठेवून एकाने इंजिन चालू असताना स्टिअरिंग इंचभर डावी-उजवीकडे हलवत राहायचे आणि दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर बोटे ठेवायची, अशी ती साधी पद्धत. उजव्या टायरॉड एंडवर, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या रॉडच्या टोकाच्या सांध्यावर, बोट ठेवून त्याने मलाही हात लावायला सांगितला: रॉड आधी हलत होता, चाक किंचित उशिरा, आणि मधल्या त्या उशिरात बोटाला बारीकसा ठोका जाणवत होता. नंतर चाक उचलून ते घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवल्यावर खडखड आली, तर बारा आणि सहाच्या जागी धरल्यावर काहीच हलले नाही, म्हणून बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) व चाकाच्या बेअरिंगवरचा संशय गेला. सांधाच खिळखिळा असेल तर मशीनवरचे ‘टो’चे (चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत त्याचे) माप तो त्या क्षणी ज्या बाजूला टेकला असेल तसे येणार. आधीच्या दोन अलाइनमेंटचे पैसे कुठे गेले, ते मला इथे कळले.

ओढीचे कारण निराळेच निघाले. वीस मिनिटे गाडी फिरवून आणल्यावर त्याने पुढच्या दोन्ही रिमजवळ, स्पर्श न करता, तळवा धरला. डावे चाक उघड तापलेले होते. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजून अडकल्या होत्या, त्यामुळे पाय काढल्यावरही पॅड डिस्कवर घासत राहत होता. पिना साफ करून, योग्य ग्रीस लावून बसवल्यावर आणि असमान झिजलेले पॅड दोन्ही बाजूंचे बदलल्यावर ओढ गेली. ती तरीही राहिली असती तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहायचे, ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरचा, असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. अलाइनमेंट सर्वांत शेवटी केली.

त्यांची एक चूक मात्र नोंदवायला हवी. दुसऱ्या दिवशी गाडी सरळ धावत होती, पण स्टिअरिंग थोडे उजवीकडे फिरलेले राहत होते, म्हणजे टो जुळवताना ते मध्यावर नीट बांधलेले नव्हते. परत गेल्यावर कुरकुर न करता दोन्ही टायरॉड सारख्याच प्रमाणात फिरवून त्यांनी ते दुरुस्त केले. तरी गाडी ताब्यात देण्याआधी एक चक्कर मारली असती तर माझा अर्धा दिवस वाचला असता. मोजमापांचा छापील कागदही हातात ठेवला, पण कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) यांचे आकडे मी विचारल्यावरच समजावले. बदललेला टायरॉड एंड मात्र न मागता दाखवला, आणि तो दोन बोटांत लुळ्यासारखा फिरत होता.

त्या खिळखिळ्या सांध्यामुळे तिरक्या झिजलेल्या उजव्या टायरवर तळवा आडवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागते. ही धार आता जाणार नाही आणि तिचा घुंघुं आवाज काही काळ येत राहील, हे त्यांनी बिल करण्याआधीच स्पष्ट केले होते, आणि तो आवाज अजून येतो आहे.