चिंचोके, गणिताचं अ‍ॅप की स्क्रॅच?

मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईने परवा विचारलं, "गणितासाठी एखादं चांगलं गेम सुचवा ना, वर्षाचे पैसे भरायला लागले तरी चालतील." शाळेच्या फाटकात उभ्या उभ्या मला नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मुलगी चौथीत आहे, सेमी-इंग्रजीत. घरात दोन वर्षं तीन गोष्टी चालू आहेत: फोनवरचं गणिताच्या खेळांचं अ‍ॅप, लॅपटॉपवर स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून मुलांनी स्वतः प्रोग्रॅम करायचं साधन, आणि फरशीवर खडूने आखलेला चल्लस आठ या सोंगट्यांच्या खेळाचा पट. तिन्हींना खेळातून शिक्षणच म्हणतात. पण खेळताना मोजतं कोण, हे प्रत्येकात वेगळं आहे. निवड करताना मी आता तेवढंच बघते.

अ‍ॅपमध्ये मोजणी अ‍ॅप करतं. त्याचा खरा फायदा पाढ्यांना झाला. रात्री पोळ्या लाटताना मला जी उजळणी घेता येत नाही, ती ते न कंटाळता घेतं आणि चूक तिथल्या तिथे दाखवतं. सात आठे छप्पन्न तिला तिथेच पाठ झालं. पण बहुतेक प्रश्नांना चार पर्याय असतात, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातून एकदा उत्तर बरोबर येणार. छत्तीस भागिले चारला तिने चारही पर्याय भराभर दाबून नाणं मिळवलेलं मी पाहिलं. तिचं लक्ष नाण्याकडे होतं, आणि त्यात तिचा दोष नव्हता. खेळाची रचनाच तशी होती. पैसे भरण्याआधी तुम्ही स्वतः अर्धा तास खेळून बघा. उत्तर टाइप करावं लागतं का? मधेच जाहिराती येतात का? चुकल्यावर कारण कळतं, की नुसता लाल रंग दिसतो? सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी खान अकॅडमी किड्स मोफत आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. पैसे भरण्याआधी ते एकदा बघाच.

अ‍ॅपची आणखी एक उणीव सेमी-इंग्रजीच्या घरांत जास्त जाणवते. आमचं अ‍ॅप इंग्रजीत बोलतं. मुलगी 'सिक्स्टी-नाइन' पटकन म्हणते आणि भाजीवाल्या मावशींनी एकोणसत्तर म्हटलं की माझ्याकडे बघते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं आणि राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे मुलं अडखळतात. अडचण खरी आहे. आमच्याकडे ती कमी झाली ती मोठ्याने मराठीत मोजल्यामुळे, आणि ते मोजणं पटावर झालं.

चल्लस आठला खर्च काहीच नाही. पाच गुणिले पाच अशी पंचवीस घरं आखायची आणि चिंचोके फोडून चार फाका घ्यायच्या. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी घरं सोंगटी पुढे. चारही पालथ्या पडल्या तर आठ. बाहेरची सोळा घरं फिरून मग आतली आठ आणि शेवटी मधलं एक. आमच्या आजींच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. त्यामुळे प्रत्येक दानाला मुलीला पुढची तीन-चार घरं मनात मोजावी लागतात, स्वतःची आणि आजींचीही. 'दोनच सारखे-सारखे का पडतात?' हा प्रश्न तिनेच विचारला. आम्ही कागदावर मांडून पाहिलं: चार फाका पडण्याचे सोळा प्रकार, त्यांपैकी सहांत दोन, फक्त एकात चार आणि एकातच आठ. मग तिने शंभर दानं वहीत नोंदवली. चिंचोक्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, म्हणून नोंद हिशेबाशी जुळली नाही, आणि ते का जुळलं नाही यावर आमची संध्याकाळ गेली. याची अडचण एकच: मोठं माणूस बरोबर बसावं लागतं.

स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलं. ते मोफत आहे आणि आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी केलेलं आहे. त्याहून लहानांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे. यात यंत्राने कसं मोजायचं ते मूल सांगतं. पडद्याच्या मधोमध शून्य असतं, त्यावरचं हलवायचं मांजर डावीकडे नेलं की आकडा उणे होतो; शाळेच्या आधीच ऋण संख्या तिला अशा भेटल्या. चौरस सहज जमला: पुढे जा, नव्वद अंश वळ, चार वेळा. त्रिकोणाला तिने साठ अंश दिले आणि आकृती उघडीच राहिली. शेवटी ती स्वतः फरशीवर त्रिकोणात चालली, तेव्हा कळलं की कोपऱ्यावर आपण एकशे वीस अंश वळतो. मी हे सांगून टाकलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं. न सांगितल्याचा मला आनंद आहे. एक काळजी घ्या. संकेतस्थळावर इतरांनी केलेले असंख्य गेम असतात आणि मुलं करण्याऐवजी तेच खेळत बसतात. लॅपटॉपवर उतरवून घेतलेली, इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती वापरा.

मूल पाचच्या आत असेल तर माझ्या मते पटच. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एक तासाहून जास्त पडदा नको म्हणते, आणि तो तास आजोबांच्या व्हिडिओ कॉलला ठेवावा असं मला वाटतं. पहिली-दुसरीत पट आणि उजळणीपुरतं दहा मिनिटं अ‍ॅप. तिसरीपासून लॅपटॉप असेल तर अ‍ॅपच्या आधी स्क्रॅच. घरात एकच फोन असेल आणि तो कामावर जात असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. आणि संध्याकाळी फोन बाजूला ठेवणं अशक्य वाटत असेल, तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये रोज सात वाजता भोंगा वाजवून दीड तास अख्ख्या गावाचे टीव्ही-फोन बंद ठेवायला सुरुवात केली, हे आठवा.

सध्या मुलगी स्क्रॅचवर चल्लस आठ बनवते आहे. दानासाठी तिने आधी 'एक ते आठपैकी कोणताही' असा ठोकळा लावला. आजींनी दोन डाव खेळून सांगितलं, "अगं, यात पाच पडतात, सहा पडतात, आणि आठ एवढे कुठे पडतात?" आता ती चार फाका वेगवेगळ्या टाकते, पांढऱ्यांची बेरीज करते आणि बेरीज शून्य आली तर आठ धरते.