सर्च रिपोर्ट क्लीन होता, इमारत बेकायदा निघाली

१२ लाख ३१ हजार ३०० रुपये. एवढे आमच्या खिशातून गेले. वर २७ लाखांचं कर्ज. त्याचा २३,८६० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला अजून कापला जातो, आणि ज्या फ्लॅटसाठी कापला जातो त्याच्या जिन्यात पालिकेची नोटीस चिकटवलेली आहे. विनापरवाना बांधकाम, एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, कलम ५३.

नावं लिहीत नाही, केस चालू आहे. ठाणे जिल्हा, एवढं पुरे.

कोणी बोलायच्या आत सांगते, आम्ही डोळे झाकून घर घेतलेलं नाही. ६,५०० रुपये देऊन वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च काढला. बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या रेरा प्राधिकरणाचा नंबर स्वतः साइटवर टाकून बघितला. बँकेच्या वकिलाने फाइल पास केली. ऑगस्ट २०२३ मध्ये नोंदणी झाली, फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, म्हणून एक टक्का सवलत मिळून २,१८,४०० मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी फी भरली. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण मी त्याच्या आदल्या वर्षीच वाचलं होतं. तेव्हा जेवताना नवऱ्याला म्हणाले होते, लोक रेरा नंबर तरी का बघत नाहीत? आता कळतंय, त्या लोकांनीही बघितला होता. खोट्या परवानग्या जोडूनच ते नंबर मिळवले होते.

वकिलाचा सर्च म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदी. जमीन कोणाची, कोणी कोणाला विकली, बोजा आहे का. आमच्या इमारतीच्या जमिनीचा मालक खरा, सातबारा खरा, बिल्डरबरोबरचा विकसन करारनामाही खरा. खोटा फक्त एक कागद होता, बांधकाम परवानगीचा, सीसी. तो निघतो पालिकेच्या नगररचना विभागातून, आणि तिथे आमच्या वतीने कोणी गेलंच नव्हतं. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर वकिलाने लिहिलंय की परवानग्या दाखवलेल्या झेरॉक्सवरून खऱ्या धरल्या आहेत. ते वाक्य मी वाचलं होतं. वाचून पान उलटलं.

पण मला रात्री झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीमुळे. एजंटच्या ऑफिसात बसलो होतो. समोर लॅमिनेशन केलेली सीसी, शेजारी हिशोबाचा कागद. किंमत ३६,४०,०००. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण झाली, राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला) विचारलं, तर एजंट म्हणाला, "ताई, फाइल टेबलावर आहे, महिनाभरात येईल." मग जीएसटीचा रकाना रिकामा दिसला. विचारलं. म्हणाला, "तयार इमारतीला जीएसटी नसतो." मी १४ वर्षं एका कारखान्यात हिशोब लिहिते. कायद्याने तयार म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली इमारत, हे मला माहीत आहे. ओसी आली नसेल तर जीएसटी लागतो. दोन्ही नाहीत, असं होऊच शकत नाही. माझ्या डोक्यात ते आलं होतं. एक टक्का, ३६,४०० रुपये वाचतायत म्हणून मी गप्प बसले आणि तेवढेच ३६,४०० पुढे त्याला दलाली म्हणून दिले.

घरमालकाने दिवाळीपर्यंत जागा सोडायला सांगितली होती. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे लिफ्ट हवी होती. संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन देणार आहे असं तो दोनदा म्हणाला. ५१,००० तिथल्या तिथे दिले. दुसऱ्या पार्टीचं नाव निघालं की उठून यायचं, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

घरपट्टीची पावती आणि लाइट बिल दाखवून कोणी "बघा, अधिकृत आहे" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. घरपट्टी बेकायदा बांधकामालाही लागते.

मार्च २०२५ मध्ये नोटीस आली. वॉर्ड ऑफिस म्हणालं नगररचनेत जा. नगररचना म्हणाली हे अतिक्रमण विभागाचं काम. अतिक्रमणवाले म्हणाले बिल्डरला विचारा. शेवटी १० रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. सीसीवरचा जावक क्रमांक दुसऱ्याच गावातल्या कंपाउंड वॉलच्या परवानगीचा निघाला, आणि विकास आराखड्यात आमच्या प्लॉटवर क्रीडांगणाचं आरक्षण. १० रुपयांत! हाच अर्ज टोकनच्या आधी टाकला असता तर एक महिना गेला असता, बस्स.

सात मजले एका रात्रीत उभे राहत नाहीत. वॉर्ड ऑफिस इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. घरपट्टी लावताना खोल्या मोजायला त्यांचाच माणूस आला होता, आमच्याकडे चहा पिऊन गेला. दोन वर्षं दरवर्षी ८,९४० रुपये घेतले आणि मग त्याच पालिकेला इमारत बेकायदा असल्याचं आठवलं. पोलीस ठाण्यात तीन वेळा ऐकलं, "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." खोटा सही-शिक्का सिव्हिल कसा? आयुक्तालयात लेखी अर्ज दिल्यावर चार महिन्यांनी एफआयआर झाला. रेरात ५,००० भरून तक्रार केली, तारखा पडतायत. बँक म्हणते हप्ता थांबणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ओसी तपासूनच बँकांनी कर्ज द्यावं. आमचं कर्ज त्याआधीचं.

आईने मोडलेल्या पाटल्यांचे २,३५,००० यातच गेले. तिला अजून नोटिशीबद्दल सांगितलेलं नाही.

सीसीची झेरॉक्स घेऊ नका, नगररचनेतून साक्षांकित प्रत स्वतः काढा. झोन दाखला, म्हणजे विकास आराखड्यात ती जमीन कशासाठी ठेवली आहे त्याचा दाखला, मागा, सर्व्हे नंबर आराखड्याशी जुळवा. बिल्डर "मी आणून देतो" म्हणाला तर नको म्हणा.

मागच्या रविवारी तोच एजंट आमच्या मागच्या गल्लीत एका जोडप्याला फ्लॅट दाखवत होता. हातात तसाच लॅमिनेशनचा कागद. मी त्या मुलीला बाजूला घेऊन जावक क्रमांक लिहून घ्यायला लावला. तिने घेतला. सोमवारी ती पालिकेत गेली की नाही, माहीत नाही.