१६ अँपिअरचा स्मार्ट प्लग, सव्वा वर्षानंतर: वस्तू दणकट, पण एका अपडेटने त्यातला जीवच काढून घेतला

वस्तू म्हणून या प्लगबद्दल माझी आजही तक्रार नाही. रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) नीट, प्लास्टिक चांगलं, दोन किलोवॉटचा गीझर रोज ओढूनही पिना कधी चटका बसेल इतक्या तापल्या नाहीत. तक्रार आहे ती विकत घेतल्यानंतर कंपनीने माझ्या घरात शिरून या वस्तूचं जे केलं त्याबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं एकाच कंपनीचं नाही.

बाकीचं स्पेसिफिकेशन ठाऊक असेलच: वाय-फाय, १६ अँपिअर, वॉट आणि युनिट मोजतो. आमच्या नाशिकच्या घरी एक गीझरला, एक वॉशिंग मशीनला आणि एक इस्त्रीच्या पॉइंटला आहे. पाण्याच्या मोटरला मुद्दाम लावला नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्याने रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटू शकतात; तिथे जास्त करंट पेलणारा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टरच हवा.

आता गीझरचं, कारण सगळं भांडण तिथलं. सासूबाईंची आंघोळ पहाटे साडेपाचला. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. गीझर १५ लिटरचा. पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, म्हणजे दोन किलोवॉटला अठरा-एकोणीस मिनिटं. मग थर्मोस्टॅट कट होतो. पण बटण चालूच राहिलं तर पाणी जरा निवलं की गीझर पुन्हा पेटतो, पुन्हा बंद, पुन्हा पेटतो, दुपारपर्यंत हेच. महावितरणच्या बिलात ३०० युनिटांच्या पुढच्या प्रत्येक युनिटाचा दर चढतो आणि आमचं घर थंडीत त्याच काठावर असतं. हे उगाचचं पेटणं मला बंद करायचं होतं.

त्यासाठी हा प्लग घेतला, आणि वर्षभर त्याने ते काम इतकं सुरेख केलं की मी नात्यातल्या दोन घरांना तो घ्यायला लावला. टीव्हीच्या मागे रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर आहे, त्यावर होम असिस्टंट हे घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर चालतं. पहाटे ते प्लग चालू करायचं. प्लग दर काही सेकंदांनी वॉटचा आकडा द्यायचा. १९८० वॉटच्या आसपास असलेला आकडा एकदम शून्याशी आला आणि दोन मिनिटं तिथेच राहिला, की पाणी तापलं असं समजून प्लग बंद. प्लगकडून राउटर, राउटरकडून रास्पबेरी पाय, एवढाच प्रवास. बाहेरच्या इंटरनेटची गरजच नाही. आमच्याकडे केबलवाल्याचं फायबर आहे. गल्लीतली लाइट गेली की त्याचा चौकातला डबा बंद पडतो आणि घरी इन्व्हर्टर असला तरी नेट जातं. लाइट आल्यावरही नेट यायला वेळ लागतो. गीझरला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

मग फेब्रुवारीत एका पहाटे सासूबाईंनी बाथरूममधून हाक मारली, ‘अगं, पाणी तर गारच आहे!’ होम असिस्टंटमध्ये तिन्ही प्लग अनअव्हेलेबल. राउटरवर मात्र तिन्ही जोडलेले, कंपनीच्या ॲपमध्ये तिन्ही हिरवे. ॲपमधून बटण दाबलं की टक् आवाज येऊन रिले चालू. म्हणजे प्लग जिवंत, वाय-फाय ठीक, फक्त घरातल्या घरात बोलायचा त्याचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं दार, बंद. रात्री फर्मवेअर, म्हणजे प्लगच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं होतं. मला विचारलं नव्हतं. ॲपमध्ये अपडेटसाठी दोनच पर्याय आहेत, ‘आत्ता’ आणि ‘रात्री’. ‘नको’ हा पर्यायच नाही. मागच्या आवृत्तीवर परत जायची सोयही नाही.

आणि त्या अपडेटची माहिती काय होती? एकच ओळ: किरकोळ दोष दुरुस्त केले, स्थैर्य वाढवलं. मला सगळ्यात जास्त राग या ओळीचा आहे, गार पाण्यापेक्षाही जास्त. पोर्ट बंद करणं हा किरकोळ दोष नाही. कुणीतरी ठरवून, कोड लिहून, तपासून ते दार बंद केलं. ते करणाऱ्याला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक होतं, आणि लिहिताना मात्र ताकास तूर लागू दिला नाही. ‘लोकल कंट्रोल (कंपनीच्या सर्व्हरशिवाय, घरातल्या घरात प्लग चालवणं) काढत आहोत, कारण अमुक’ असं लिहिलं असतं तर मी त्या रात्रीआधीच प्लगचं इंटरनेट तोडलं असतं, किंवा निदान दुसरी सोय केली असती. मी त्यांच्या आधीच्या सगळ्या अपडेटांच्या नोंदी काढून वाचल्या. सगळीकडे तेच वाक्य, फार तर शब्द मागेपुढे. औषधाच्या पाकिटावर घटक न छापता ‘तब्येतीला चांगलं’ एवढंच छापावं, तसं हे आहे. ज्या उपकरणातून सोळा अँपिअर करंट जातो, त्याच्या आत काय बदललं हे मालकाला सांगायलाच हवं. यावर माझं मत अजिबात बदललेलं नाही.

कस्टमर केअरची मुलगी नम्र होती. तिचं एकच म्हणणं, ‘मॅडम, ॲपमध्ये चालतंय ना? मग प्रॉडक्ट व्यवस्थित आहे.’ थर्ड पार्टीला, म्हणजे होम असिस्टंटसारख्या दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरला, सपोर्ट नाही, असं पाठोपाठ ईमेलही आलं. नियमावर बोट ठेवलं तर खोक्यावर लोकल कंट्रोलचं वचन छापलेलं नव्हतं हे खरं. पण वर्षभर ही सुविधा वस्तूत होती, ती पाहूनच मी उरलेले दोन प्लग घेतले.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत पालटलं, तेही लिहिते. पहिल्या रागात मला वाटत होतं की लोकांना क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या सर्व्हरला, बांधून ठेवायला कंपन्या हे करतात आणि सुरक्षेचं कारण नुसतं पुढे करतात. मग मी जुन्या प्रकरणांबद्दल वाचलं. टीपी-लिंक या दुसऱ्या कंपनीच्या एचएस११० प्लगचं गाजलेलं उदाहरण आहे. तो ९९९९ या पोर्टवर घरातल्या घरात आज्ञा घ्यायचा. २०१६मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तो खोलून पाहिला, तर आज्ञा झाकायला नुसता एक्सॉर, म्हणजे सहज उलगडणारी साधी सांकेतिक पद्धत, वापरलेला, सुरुवातीची किल्ली १७१, सगळ्या प्लगांना तीच. पासवर्ड काही नाही. म्हणजे तुमच्या वाय-फायवर आलेला कुणीही पाहुणा, किंवा व्हायरस लागलेला एखादा फोन, तुमचा गीझर चालू करू शकतो. २०२०च्या नोव्हेंबरात ब्रिटनमधल्या ग्राहकांच्या प्लगांवर अपडेट आलं आणि तो पोर्ट बंद झाला. तिथेही होम असिस्टंटवाल्यांची घरं अशीच एका रात्रीत बंद पडली. बोंबाबोंब झाल्यावर, मागेल त्याला लोकल कंट्रोल परत देणारं फर्मवेअर कंपनीने दिलं.

तेव्हा भोक होतं, आणि ते बुजवायलाच हवं होतं. माझ्या प्लगमध्येही पासवर्डाशिवायच सगळं चालायचं, हे मी तेव्हा सोय म्हणून वापरत होते. पण भोक बुजवायला अख्खं दार विटांनी बंद करायची गरज नाही. त्याच टीपी-लिंकने पुढे केएलएपी नावाची पद्धत आणली. तीत घरातल्या घरात बोलतानाही आधी खात्याच्या नाव-पासवर्डवर ओळख पटवावी लागते. टुया कंपनीच्या प्लगांमध्ये प्रत्येक उपकरणाची वेगळी लोकल की, म्हणजे गुप्त किल्ली, असते. (प्लग ॲपमध्ये नव्याने जोडला की ती बदलते, ते लक्षात ठेवा.) शेली कंपनीच्या उपकरणांना पासवर्ड लावून स्थानिक नेटवर्कवरून आज्ञा देता येतात, कंपनीचं खातं न काढताही. म्हणजे सुरक्षा आणि लोकल कंट्रोल दोन्ही एका वस्तूत बसतं. माझ्या कंपनीने ते कष्ट घेतले नाहीत.

क्लाउडवरून काम भागवून पाहिलं. चालू-बंद होतं, पण वॉटचा आकडा रेंगाळत येतो. पाणी तापून कट झालं तरी होम असिस्टंटला ते बऱ्याच वेळाने कळायचं, आणि नेट गेलेलं असलं तर कळायचंच नाही. एकदा प्लग चालू झाल्यावर नेट गेलं, बंद करायची आज्ञा पोचलीच नाही आणि गीझर दुपारी मी जेवायला बसेपर्यंत चालू-बंद होत राहिला. ज्या उधळपट्टीसाठी हा प्लग घेतला तीच प्लगमुळे होणार असेल, तर साधा स्विच काय वाईट?

सुखद धक्का मिळाला तो सर्व्हिस सेंटरमध्ये. वॉशिंग मशीनच्या प्लगचं बटण आत अडकून बसलं होतं, म्हणून तो वॉरंटीत घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसाने बिल पाहिलं, बटण दाबून पाहिलं आणि काहीही न विचारता नवा खोका हातात ठेवला. घरी आणून पाहिलं तर तो गोदामात पडून राहिलेला जुना माल, आत जुनं फर्मवेअर! तो ॲपला मी जोडलाच नाही. प्लग पहिल्यांदा लावल्यावर स्वतःचं वाय-फाय काढतो. त्याला लॅपटॉप जोडून, हौशी लोकांनी लिहिलेल्या मोफत टूलने घराच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड त्याला दिला. त्याआधी राउटरमध्ये त्याचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) टाकून बाहेरचं इंटरनेट बंद करून ठेवलं होतं. होम असिस्टंटमध्ये लगेच दिसला, वॉटसकट.

इंटरनेट तोडल्याचे दोन परिणाम मात्र दिसतात. एक, प्लगला घड्याळ मिळत नाही, म्हणून प्लगच्या आतलं वेळापत्रक निरुपयोगी. आमचं वेळापत्रक पायवर असल्याने अडलं नाही, आणि आता पायवरच वेळेचा सर्व्हर चालू केलाय. दोन, प्लगवरचा केशरी दिवा अखंड लुकलुकतो, कंपनीचा सर्व्हर सापडत नाही म्हणून. सासूबाईंना आधी काही जळतंय असं वाटलं. आता त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा आहे. बटण मोकळंच ठेवलंय, कारण नेट असो नसो, हाताने प्लग बंद करता आलाच पाहिजे. घरातल्या प्रत्येकाला ते बटण दाखवून ठेवा.

तर सध्या जुन्या फर्मवेअरचा प्लग गीझरला आहे. अपडेट झालेल्यातला एक वॉशिंग मशीनला गेला, कपडे झाले की फोनवर कळतं, उशिरा कळलं तरी बिघडत नाही. इस्त्रीचा तिसरा काढून ठेवलाय. स्मार्ट प्लग स्वतःही वीज खातो. रिले चालू असताना माझा साधारण एक वॉट खातो, म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिटं. काम नसलेला प्लग भिंतीत ठेवणं मला पटत नाही.

नवीन घेणाऱ्यांना सांगते. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीचं सामायिक मानक २०२२मध्ये आलं, त्यात आज्ञा घरच्या नेटवर्कवरूनच जातात, पण वीज मोजण्याची सोय मानकात मे २०२४च्या १.३ आवृत्तीत आली. त्यामुळे खोक्यावर मॅटर दिसलं म्हणजे वॉटही मॅटरमधून मिळतील असं धरू नका, आधी विचारून घ्या. आणि कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बेल्किनने २०२५मध्ये जाहीर केलं की ३१ जानेवारी २०२६ला वेमो नावाच्या त्यांच्या बहुतेक स्मार्ट उपकरणांचा सपोर्ट संपेल. ज्यांनी आधीच ॲपलच्या होमकिटला जोडून ठेवली होती त्यांची तेवढी चालत राहतील. तिथेही तरले ते घरातल्या घरात चालणारेच. प्लग घेतल्या दिवशी, ॲपला जोडायच्याही आधी, राउटरमध्ये एखाद्या उपकरणाचं इंटरनेट बंद करता येतं का ते पाहून घ्या. केबलवाल्याने दिलेल्या काही राउटरमध्ये ते पान ग्राहकाला उघडूच देत नाहीत. मग स्वतःचा राउटर घ्यावा लागतो आणि तो खर्च प्लगच्या किमतीत धरायला हवा.

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, मी तक्रार नोंदवली आहे. कंपनीकडून उत्तर आलं की अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. मी तक्रार बंद करायला नकार दिलाय. त्यात पैसे परत मागितलेले नाहीत. उरलेल्या दोन प्लगांसाठी पासवर्डसह लोकल कंट्रोल असलेलं फर्मवेअर द्या, आणि ते जमत नसेल तर मूळचं परत टाकायची सोय द्या, एवढंच मागितलंय.